‘कोको’ : एक चाल, एक फाटका फोटो

आमच्या संध्याकाळच्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. अलंकार घोटायला सांगितले की तिचा घसा बसतो, आणि मी पाणी प्यायला आत गेलो की तिची बोटे पेटीवर भलतेच काही शोधू लागतात. परवा आतून एक अनोळखी चाल ऐकू आली. चाल साधी, पण मुलगी ती दर वेळी निराळ्या लयीत वाजवीत होती. एकदा ठसक्यात, तर एकदा इतकी सावकाश की सूर हातातून निसटतो की काय असे वाटावे. बाहेर येऊन दटावले तर उत्तर मिळाले, “सर, हे ‘कोको’मधलं आहे. त्यात एकच गाणं परत परत येतं आणि प्रत्येक वेळी वेगळंच होतं.”

लयीविषयी इतके नेमके बोलणे मोठ्या माणसांकडूनही क्वचित ऐकायला मिळते. त्या रात्री तो चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला.

‘कोको’ हा अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीने संगणकावर तयार केलेला कार्टूनपट. दिग्दर्शक ली अन्क्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. २०१७ च्या ऑक्टोबरात तो आधी मेक्सिकोत झळकला आणि नोव्हेंबरात अमेरिकेत व आपल्याकडे आला. २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट कार्टूनपट आणि सर्वोत्कृष्ट गीत अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. म्हणजे आम्ही पोहोचलो ते वरात निघून गेल्यावर. पण ज्या घरात मुले आहेत तिथे तो अजून लागतो, आणि ज्या घरात गाणे आहे तिथे तर त्याच्याविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत.

कथा सांगणे भाग आहे. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे, आणि पुढेही जपूनच वाचावे. मेक्सिकोतल्या सान्ता सेसिलिया नावाच्या गावात जोडे बनविणारे रिवेरा कुटुंब राहते. सेसिलिया ही ख्रिस्ती परंपरेत गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची संत. तिच्या नावाच्या गावात या एकाच घरी गाण्याला बंदी! कारण असे की, बारा वर्षांच्या मिगेलचे खापरपणजोबा गिटार घेऊन जे घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. खापरपणजी इमेल्दा हिने डोळे पुसले, जोडे शिवायला शिकली, मुलीला वाढविले आणि उंबऱ्याच्या आत सूर येऊ दिला नाही. त्या गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्या फोटोतून फाडून टाकलेला आहे. ती मुलगी म्हणजेच कोको. आता ती चाकांच्या खुर्चीत बसून असते, आणि एकेक नाव तिच्या हातून सुटत चालले आहे. मिगेल मात्र माळ्यावर लपून गिटार वाजवितो आणि एर्नेस्तो दे ला क्रूस या दिवंगत गायकनटाला देव मानतो. मृतांच्या सणाच्या रात्री तो त्या नटाच्या समाधीतून गिटार उचलतो आणि जिवंतपणीच मृतांच्या लोकात जाऊन पडतो. घरच्या एखाद्या मृताने आशीर्वाद दिला तर सूर्योदयापूर्वी परत येता येईल. इमेल्दा आशीर्वाद द्यायला तयार आहे, पण पुन्हा गाणार नाहीस या अटीवर! मग पोरगा पळतो. त्याला वाटेत हेक्टर नावाचा एक फाटका, लबाड, गमत्या सांगाडा भेटतो. पुढचे कळायला फार वेळ लागत नाही. गाणी हेक्टरची होती. एर्नेस्तोने त्याला विष घालून ती चोरली. आणि फोटोतला बिनचेहऱ्याचा माणूस म्हणजे हा हेक्टर.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी हा मृतांचा सण होतो. घरात चौथरा मांडून त्यावर गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचे खाणे आणि फुले ठेवतात. २००८ साली युनेस्कोने या प्रथेची वारशात नोंद केली. आपल्याला हे समजायला टिपणांची गरज नाही. पितृपक्षात पान वाढून वाट पाहणारे लोक आपण. फरक इतकाच की आपण त्या पंधरवड्यात आवाज बारीक करतो आणि ते लोक बँड लावतात. आणखी एक गंमत अशी, की चित्रपटात मृतांना या लोकी आणणारा जो पूल आहे तो झेंडूच्या पाकळ्यांचा आहे. आपण दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेला. त्या केशरी पुलावर पहिले पाऊल पडते आणि पाकळ्या उजळतात, तेव्हा आमच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींच्या तोंडून “अगं बाई!” असे निघाले. त्यावर आणखी टीका लिहिण्याचे कारण नाही.

मृतांचे नगर चित्रकारांनी मन लावून उभारले आहे. मनोऱ्यांवर मनोरे आहेत. तळाशी जुने पिरॅमिड, त्यावर स्पॅनिश अमलातली घरे, त्यावर अलीकडची. जशी माणसे मरत गेली तसे गाव वर वर चढत गेले! सांगाड्यांना ओठ नाहीत, गाल नाहीत, तरी रुसवा, लाज, थट्टा सारे कळते. हाडांच्या माणसाकडून अभिनय करून घेणे सोपे नव्हे.

परंतु आमचे लक्ष होते बोटांकडे. आपल्या हिंदी चित्रपटांत नायिका वीणेवरून हात फिरविते आणि ऐकू येते सतार. त्यामुळे पडद्यावर कोणी वाद्य घेतले की आम्ही मान वळवितो. इथे मान वळवावी लागली नाही. पडद्यावरचा मिगेल ज्या पडद्यांवर बोट ठेवतो तोच सूर ऐकू येतो. असे कळते की चित्रकारांनी खऱ्या वादकांच्या गिटारींवर लहान कॅमेरे बांधून त्यांची बोटे टिपली आणि त्यावरून चित्रे केली. चित्रातल्या मुलाच्या बोटांसाठी एवढा खटाटोप करणाऱ्यांना आमचा नमस्कार. मिगेलची गाणी अँथनी गोन्झालेझ या मुलानेच गायिली आहेत. आवाजाला अजून पॉलिश बसलेले नाही, आणि ते बसू दिले नाही हे चांगले केले.

आता ते गाणे. ‘रिमेंबर मी’ या गीताची रचना क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या अमेरिकन दांपत्याची. चाल म्हणून ती फार मोठी नव्हे, हे आधी स्पष्ट सांगतो. पहिल्यांदा ती एर्नेस्तोच्या तोंडी येते. मोठा रंगमंच, नाचणाऱ्या मुली, वाद्यांचा गदारोळ. तिथे गाणारा हजारो लोकांना सांगतो आहे की मला विसरू नका, आणि त्यात प्रेमापेक्षा हक्क जास्त आहे. दुसऱ्यांदा तीच चाल हेक्टरच्या आठवणीत येते. अंथरुणावर बसलेली लहानगी कोको, समोर बाप, हातात गिटार. लय निम्म्याहून उतरलेली. आता कळते की हे गाणे लोकांसाठी नव्हतेच, प्रवासाला निघणाऱ्या बापाने एका पोरीसाठी बांधलेली अंगाई होती ती. तिसऱ्यांदा मिगेल ती म्हाताऱ्या कोकोपुढे म्हणतो. शब्द तेच, सूर तेच. पण गाणारा स्वतःसाठी काहीच मागत नाही, दुसऱ्याचा निरोप पोहोचवितो आहे. म्हातारी सावरते, आणि त्याच्याबरोबर गाऊ लागते.

विद्यार्थ्यांना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की विलंबितात बंदिश केवळ हळू होत नाही, ती दुसरीच होते. ते सांगून कोणाला पटत नाही. हा चित्रपट पावणेदोन तासांत पटवून देतो. आणि त्याच्या पुढे जाऊन असेही दाखवितो, की नुसती लय बदलून भागत नाही. कोण कोणाला म्हणतो आहे, हे बदलले की स्वराचे वजन बदलते. एर्नेस्तो गाणे चोरतो म्हणजे शब्द-सूर चोरतो एवढेच नव्हे. गाणे जिच्यासाठी होते ती मुलगीच त्यातून पुसून टाकतो.

बाकीच्या गाण्यांत ‘उन पोको लोको’ हे स्पर्धेतले गाणे आम्हाला अधिक भावले. व्हेराक्रूझ किनाऱ्याकडच्या सोन हारोचो नावाच्या लोकसंगीताच्या वळणाचे ते आहे. त्या संगीतात सहा मात्रांचे घर कधी तीन-तीन तर कधी दोन-दोन-दोन असे मोडतात. दादऱ्यात तबलजीने खोडी काढावी तसा प्रकार. गाण्यापूर्वी घाबरलेल्या मिगेलला हेक्टर आरोळी ठोकायला शिकवितो, तो दोन मिनिटांचा प्रसंग म्हणजे संपूर्ण चित्रपटात दिसणारी एकमेव तालीम. पुढे इमेल्दा रंगमंचावर सापडते आणि कित्येक वर्षांनी तोंड उघडते ते ‘ला योरोना’ या जुन्या लोकगीताने. पहिल्या दोन ओळी ती जवळजवळ स्वतःशीच म्हणते. तेवढ्याच ठेवल्या असत्या तर! पण पाठलाग, हिसकाहिसकी, टाळ्या यांच्या भरात त्या स्वराची माती केली आहे. मायकेल जियाकिनो यांचे पार्श्वसंगीतही काही ठिकाणी असे की, आता रडा, हे प्रेक्षकाला कोपराने ढोसून सांगते.

दोषांकडे आलोच आहोत तर आमच्या धंद्यातली तक्रार आधी नोंदवितो. या मुलाला गुरू नाही, रियाज नाही. व्हिडिओ कॅसेट पाहून तो शिकला आणि पहिल्याच बैठकीत मैदान मारले. असे पाहिले की पालक आमच्याकडे येऊन विचारतात, “सहा महिन्यांत होईल ना?” पण ही तक्रार लहान आहे. याहून मोठ्या दोन आहेत.

पहिली अशी. मृतांच्या लोकात नियम आहे की ज्याचा फोटो कोणाच्या घरी मांडलेला नाही त्याला पूल ओलांडता येत नाही. नाक्यावर शिपाई तपासून परत पाठवितात. आणि ज्याला जिवंतांपैकी कोणीच आठवत नाही, तो तिथूनही नाहीसा होतो. अशा विसरलेल्यांची एक वस्ती चित्रपटात आहे. पडक्या फळ्यांची, अंधारी. तिथे चिचारॉन नावाचा एक जण झोळीत पडून हेक्टरकडून शेवटचे गाणे ऐकतो आणि विझतो. मुलांच्या चित्रपटात इतका निर्दय आणि इतका खरा प्रसंग आम्ही दुसरा पाहिला नाही. पण पुढे? हेक्टरचे नाव झाले, त्याची पत्रे लोकांपुढे मांडली गेली, तो पूल ओलांडून आला. त्या वस्तीचे काय झाले ते कोणी सांगत नाही. ज्याने मोठे गाणे बांधले त्याला न्याय मिळाला. चिचारॉनने काय केले होते, कोणास ठाऊक. नियम वाईट आहे असे चित्रपटातल्या कोणालाही वाटत नाही, आणि हे आम्हाला खटकले.

आपल्याकडे नाव राखण्याची युक्ती जुनी आहे. महंमदशहाच्या दरबारातल्या नियामतखाँनी आपली ‘सदारंग’ ही मुद्रा बंदिशीच्या आत बसवून टाकली. आपल्या शहरात १९५० साली पैगंबरवासी झालेले फैयाजखाँ ‘प्रेमपिया’ नावाने बंदिशी बांधीत. चोराने बंदिश उचलली तर धन्याचे नावही त्याला तोंडाने घ्यावे लागते! १९०२ साली गौहरजानने ध्वनिमुद्रिका केली तीत गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने सांगते. हेक्टरला ही अक्कल असती तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता. पण सारंगिये आणि तबलजी यांना मुद्रा कुठली? त्या ध्वनिमुद्रिकांवर साथीदारांची नावे क्वचितच आढळतात.

इथेच एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. २०१३ साली डिस्ने कंपनीने या सणाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घ्यायचा अर्ज केला होता. मेक्सिकन लोक खवळले, तेव्हा अर्ज मागे घेतला. ज्या व्यंगचित्रकाराने कंपनीची खिल्ली उडविली त्या लालो अल्काराझ यांनाच पुढे सल्लागार नेमले, हे शहाणपणाचे झाले. चोरलेल्या गाण्याची कथा सांगणाऱ्यांनी आधी सणावर हात ठेवून पाहिला होता, हे मात्र विसरता येत नाही.

दुसरी तक्रार घरातली आहे. आमचे वडील विशीत असताना इथल्या कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारच्या कलावंतांच्या खात्यात, लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पुढे ती चाकरी सुटली आणि वडील मैफलींमागे फिरू लागले. इंदूर, नागपूर, कलकत्ता. कधी महिना, कधी सहा महिने. मनीऑर्डर आली तर आली. मी त्यांचे शेंडेफळ. माझ्या वाट्याला आले ते थकून घरी बसलेले, मला मांडीवर घेऊन तंबोरा लावणारे वडील. माझी थोरली बहीण माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. तिच्या वाट्याला दार आले. आजही ताईच्या घरी तंबोरा नाही, पेटी नाही. भाऊबीजेला मी गेलो आणि गुणगुणलो तर ती उठून स्वयंपाकघरात जाते.

तिने ‘कोको’ पाहिला तो नातवाच्या हट्टाने. मला वाटले होते की हिला तर हा चित्रपट सर्वांहून जास्त रुचेल. इमेल्दा म्हणजे ताईच, हातात जोडा घेतलेली. मी फोनवर विचारले, कसा वाटला? जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “त्याला विष घातलं होतं म्हणून सगळं गोड झालं रे. तो नुसताच आला नसता, तर काय केलं असतं त्यांनी?”

दोन वेळा पाहून मला जे धड मांडता येत नव्हते ते तिने एका वाक्यात मांडले. गाण्यासाठी घर सोडणाऱ्या माणसाचे काय करायचे, असा खरा प्रश्न चित्रपटाने पहिल्या दहा मिनिटांत उभा केला. इमेल्दाचा राग खरा आहे, पोराची गाण्याची ओढही खरी आहे. दोघांपैकी कोणीही खोटे नाही, म्हणून तर पेच. आणि मग लेखकांना भीती वाटली. त्यांनी एक दुष्ट आणला, त्याच्या हाती विषाचा पेला दिला, आणि गुन्हा जुन्याच एका बोलपटातल्या प्रसंगावरून उघडकीस आणला. हेक्टर तर घरीच निघाला होता! म्हणजे इमेल्दाची इतक्या वर्षांची तक्रार एका गैरसमजावर उभी होती असे ठरले. तिने क्षमा केली, पण क्षमा करण्याजोगे उरलेच काय होते? बहुतेक घरांत विष घालणारा एर्नेस्तो नसतो. माणूस बरा असतो, गातो चांगला, आणि येत नाही.

चित्रपट वाईट आहे असे यातून कोणी समजू नये. आमच्या वर्गातल्या मुलांना तो मी दाखविणार आहे, आणि नंतर त्यांच्याकडून एकच बंदिश तीन लयींत म्हणवून घेणार आहे. त्या मुलीला सुरुवात करायला सांगेन. घसा बसल्याची सबब चालणार नाही.

आमच्याकडे भिंतीवर दरबारच्या कलावंतांचा एक जुना फोटो आहे. वडील मागच्या रांगेत आहेत. त्यांच्या डाव्या हाताला चौकटीने कापलेला कोणाचा तरी अर्धा खांदा आणि पागोट्याची कड दिसते. तो वडिलांचा तबलजी, विलीनीकरणानंतरही कित्येक वर्षे त्यांच्याबरोबर फिरलेला, एवढे मला माहीत होते; नाव माहीत नव्हते, आणि वडील असताना कधी विचारले नाही. चित्रपट पाहिल्यावर तो खांदा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी ताईलाच फोन केला. ती नाव विसरली असेल, किंवा विषयच नको म्हणेल, असे धरून चाललो होतो. तिने क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले, गाव सांगितले, आणि म्हणाली, “बाबा नसले तरी तो येऊन जायचा. डाकोरचे गोटे आणायचा माझ्यासाठी.” फोटो खाली उतरवून मागच्या पुठ्ठ्यावर ते नाव पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.